दुबईचा पत्ता टाकून वर्ल्ड्सला जाऊ का?

प्रश्न : फोंडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २३, वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी. शाळेपासून तो एक आंतरराष्ट्रीय ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे कार्डं जमवून त्यांचा आपला संच बांधून खेळायचा खेळ, खेळतो. गोव्यात नेमाने खेळणारे सात-आठच जण. मोठी स्पर्धा म्हणजे मुंबई नाहीतर बेंगळुरू. रजा टाकायची, रात्रीची बस पकडायची, सोमवारी पेंगत कामावर यायचं. जागतिक स्पर्धेला, म्हणजे वर्ल्ड्सला, लागतात तेवढे गुण काही जमत नाहीत. त्याच्या वर्गातला एक मित्र घरच्यांच्या पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. तो ट्रेनने स्पर्धांना जातो आणि यंदा पात्र ठरला. "ताई, तो माझ्याशी दहातले सात डाव हरायचा," असं वाचक लिहितो. आता दुबईतला मावसभाऊ म्हणतो, "खेळाच्या खात्यावर माझा पत्ता टाक. इकडे खेळणारे कमी, पात्रतेला गुणही कमी लागतात. दोन-तीनदा येऊन खेळून जा." आई त्यासाठी मुदत ठेव मोडायला तयार आहे. वडील म्हणतात, "पत्तेच खेळायचे तर मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत." वाचक विचारतो : व्यवस्थाच देशादेशांत भेदभाव करत असेल तर खोटा पत्ता देणं ही लबाडी कशी? आणि ते करायचं नसेल, तर खेळ सोडून द्यावा का?

उत्तर :

पत्ता देऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. खेळाचं नाव तू लिहिलं आहेस, पण मी छापत नाही. सात-आठ जणांच्या गोव्यात नाव छापलं की तुझं घरच सापडायचं.

तुझी तक्रार मात्र मला रडगाणं वाटली नाही. कुठे राहतो यावर खेळाडूचं नशीब किती ठरतं, हे गोव्याइतकं कोणाला कळणार? आपला बुद्धिबळपटू लिऑन मेंडोंसा २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वडिलांबरोबर युरोपात अडकला. परत येता येईना, म्हणून तिथल्या स्पर्धा एकामागून एक खेळत गेला आणि वर्ष संपता संपता, चौदाव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाला. तीच बुद्धी, तोच मुलगा. पण दर दोन-तीन आठवड्यांनी तगडे प्रतिस्पर्धी समोर बसतील अशा ठिकाणी तो जाऊन पडला होता. त्याच्या नावापुढचा देश मात्र सगळीकडे भारतच होता.

तुझ्या खेळात तर आकड्यांचं गणितच गर्दीच्या बाजूने आहे. बरोबरी झाली नाही तर आठ जणांच्या स्विस स्पर्धेत (हरला तरी कोणी बाद होत नाही, दर फेरीत सारखे गुण असलेले समोरासमोर बसतात) तीन फेऱ्यांनंतर एकटाच अपराजित उरतो. चौसष्ट जण असतील तर सहा फेऱ्या लागतात. म्हणजे तिकडच्या मुलाला एका रविवारात तुझ्या दुप्पट सराव, तोही वेगवेगळ्या डेकसमोर, म्हणजे खेळाडूंनी बांधलेल्या कार्डांच्या संचांसमोर. त्यात पोकेमॉनसारख्या खेळात किती खेळाडू आले यावर कितव्या क्रमांकापर्यंत गुण वाटायचे हे ठरतं. भरलेल्या हॉलमध्ये सोळावा आलेलाही काहीतरी घेऊन घरी जातो. आठ जणांत पाचवा आलेल्याच्या हाती भोपळा. एवढं खरं की छोट्या स्पर्धांतले ठरावीक सर्वोत्तम निकालच मोजले जातात, त्यामुळे एखादा पैसेवाला दर आठवड्याला खेळत सुटला तरी गुणांचा डोंगर रचू शकत नाही. पण ती सोय श्रीमंताला आवरते, तुला वर उचलत नाही.

आता थोडी उलटतपासणी करते, रागावू नकोस.

तुझ्या पत्रात "देश" हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पण तू जे सोसतोस त्यातलं खरोखर देशामुळे किती? मुंबईच्या मुलाकडे तुझ्यासारखाच निळा पासपोर्ट आहे. तो लोकलने स्पर्धेला जातो आणि संध्याकाळी घरी जेवायला असतो. तुझ्या स्विंडनच्या मित्राचा फायदाही पासपोर्टपेक्षा ट्रेनचा जास्त. स्कॉटलंडच्या एखाद्या बेटावर राहायला गेला असता तर बोटीची वेळ बघत तुझ्यासारखंच पत्र त्यानेही लिहिलं असतं. अंतर, माणसांचा तुटवडा आणि पैसा ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तू तिन्हींना एकच नाव दिलं आहेस. देशाचं नाव दिलं की राग काढायला सोपं जातं, पण औषध चुकतं.

त्या पासपोर्टबद्दल दोन शब्द, कारण अशी पत्रं मला कार्ड न खेळणाऱ्यांचीही येतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, हे खरं. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचं घेतलं की इकडचं सोडावं लागतं. आणि २०२० संपल्यापासून नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये जाऊन राहताही येत नाही. तुझा मित्र ज्या दाराने गेला ते दार बंद झालं आहे. आजोबांचा जन्मदाखला शोधायला बसणार असशील तर खेळासाठी बसू नकोस.

देशादेशांत जागा कशा वाटायच्या, हा प्रश्न तुझ्या खेळाच्या कितीतरी आधीचा आहे आणि कोणालाच तो सगळ्यांचं समाधान होईल असा सोडवता आलेला नाही. फुटबॉल घे, त्यावर गोव्यात वेगळं सांगायला नको. २०१८ च्या विश्वचषकात पनामा होता आणि इटली नव्हता. इटलीचा संघ पनामापेक्षा कच्चा होता असं मडगावच्या कुठल्याही तिठ्यावर म्हणून बघ! पण जागा खंडवार वाटलेल्या होत्या. २०२६ साठी संघ ३२ वरून ४८ झाले, आशियाला आठ थेट जागा मिळाल्या आणि ओशनियाला पहिल्यांदाच एक हक्काची. जगातले सर्वोत्तम ४८ संघ निवडायचे असते तर यादी वेगळी झाली असती. सगळं जग निवडायचं असेल तर अशी होते. दोन्ही न्यायच आहेत, आणि एकाचा न्याय तो दुसऱ्याचा अन्याय.

कार्डांच्या खेळांनीही दोन्ही करून पाहिलं. मॅजिक : द गॅदरिंगची वर्ल्ड मॅजिक कप ही स्पर्धा २०१२ ते २०१८ चालली. प्रत्येक देशाचा एक संघ, मग तुमच्याकडे खेळाडू लाखभर असोत की शंभर. पहिल्याच वर्षी तैवान जिंकलं, २०१४ मध्ये डेन्मार्क, २०१६ मध्ये ग्रीस. लहान देशांना याहून बरं काय हवं? पण अमेरिकेत किंवा जपानात जो सहावा-सातवा होता, तो कदाचित अर्ध्या संघांतल्या पहिल्या खेळाडूला हरवू शकला असता, आणि तो घरी बसला. त्याने लिहिलेलं पत्र तुझ्या पत्राच्या शेजारी ठेवलं, तर मी कोणाची बाजू घ्यावी?

पोकेमॉनने जग विभागांत वाटलं आहे. अमेरिका-कॅनडा, युरोप, लॅटिन अमेरिका, ओशनिया असे विभाग, आणि पात्रतेचे निकष सगळीकडे सारखे नसतात. जपानची तर पद्धतच निराळी. तिथे मोठ्या स्पर्धांच्या सुरुवातीच्या फेऱ्या एका डावाच्या, बाकी बहुतेक ठिकाणी तीनपैकी दोन जिंकायचे आणि त्याला पन्नास मिनिटं. यू-गि-ओहमध्ये जपानकडची आणि पश्चिमेकडची कार्डं वेगळी, कुठल्या कार्डांवर बंदी याच्या याद्याही वेगळ्या, आणि जागतिक स्पर्धेपुरता दोन्हींचा मेळ घालतात. बंदीची यादी बदलली की कोणाचा तरी देश रडतोच. म्हणजे सगळ्यांनी एकच खेळ खेळावा एवढंही अजून जमलेलं नाही. गुणांची गोष्ट तर पुढची.

आता मावसभावाकडे येते.

ज्या विभागात पात्रतेचे गुण कमी ठेवलेले असतात, ते कशासाठी? तिथे दुकानं कमी, स्पर्धा कमी, खेळणारे कमी, म्हणून. तुझ्यासारख्यांसाठीच केलेली ती सोय आहे. दुबईचा पत्ता टाकून तू आत शिरलास तर न्यूयॉर्क किंवा ओसाकाच्या एकाही खेळाडूच्या केसाला धक्का लागणार नाही. ज्यांनी तुझ्यावर अन्याय केला असं तुला वाटतं, त्यांना पत्ताही लागणार नाही. मागे सरकेल तो शारजातल्या किंवा मस्कतमधल्या एखाद्या दुकानात शनिवारी खेळणारा, कदाचित मल्याळी, कदाचित फिलिपिनो, कदाचित आपलाच कोणी म्हापसेकर. जागा मोजक्या असतील तर त्याची एक जाईल. जागा गुणांवर असतील तरी प्रवासखर्चाची मदत बहुधा विभागातल्या पहिल्या काही क्रमांकांनाच मिळते, ती जाईल. आणि असे पाच-सहा पाहुणे दरवर्षी येऊ लागले की "इथे स्पर्धा वाढली" म्हणून पुढच्या हंगामात निकष वर चढवायला आयोजकांना कारण मिळेल. मावसभाऊ म्हणतो "इकडे खेळणारे कमी". त्या कमीतल्या एकाला तू अजून बाहेर काढणार. "तोल सांभाळणं" असं तू लिहिलं आहेस, पण तराजूचं ते पारडं तुझ्याच बाजूचं आहे.

पकडला गेलास तर काय, हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण भीतीपोटी घेतलेला निर्णय भीती गेली की फिरतो. तरी ऐक. असे विभाग खेळाडू कुठे राहतो यावर ठरतात. मोठ्या स्पर्धेत ओळखपत्र लागतं, बक्षीस आणि प्रवासखर्चाच्या वेळी कागद मागतात. वर्षभर पगार वेर्ण्यात आणि पत्ता दुबईत, हे जुळवायचं म्हणजे एका खोट्याला पाच खोट्यांचे टेकू. बाद झालास तर त्या स्पर्धेपुरता होशील असं नाही, खातंच बंद होऊ शकतं. शाळेपासूनचे निकाल त्याच खात्यात आहेत.

हां, उद्या खरोखर नोकरीसाठी दुबईला गेलास, तिथे राहू लागलास, तर पत्ता बदल आणि बिनधास्त खेळ. मग तू तिथला आहेस. मधला रस्ताही आहे. बऱ्याच खेळांच्या मोठ्या खुल्या स्पर्धा कुठल्याही देशाच्या खेळाडूला खेळता येतात. तुझ्या खेळाची चालू हंगामाची नियमपुस्तिका उघड आणि दोनच गोष्टी शोध : परदेशातल्या कोणत्या स्पर्धांना नाव देता येतं, आणि तिथले गुण आपल्या देशाच्या खात्यात धरतात का. उत्तर होकारार्थी असेल तर वर्षातून एकदा भारताच्या नावावर दुबईला जा आणि मावसभावाकडे उतर. त्याचा पत्ता विसाच्या अर्जात "राहण्याचं ठिकाण" या रकान्यात शोभेल. नियम समजत नसेल तर आयोजकांना स्वतःच्या नावाने ईमेल कर. आलेलं लेखी उत्तर जपून ठेव, गोव्यातल्या इतरांनाही लागेल.

तुला वाटतं मोठ्या देशांबाहेरचा कोणी वर पोचतच नाही. पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेत मोठ्यांच्या गटातले विजेते बघ : २०१७ मध्ये अर्जेंटिनाचा दिएगो कासिरागा, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाचा हेन्री ब्रँड, २०२२ मध्ये चेक प्रजासत्ताकाचा, २०२४ मध्ये होनोलुलूला चिलीचा फर्नांडो सिफुएंतेस, अंतिम सामन्यात जपानच्या खेळाडूला हरवून. "बघ, जिद्द असली की झालं," असं मात्र मी यातून काढणार नाही. ब्राझीलमध्ये लॅटिन अमेरिकेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते, ऑस्ट्रेलियाला त्यांचा विभाग आहे, चेक खेळाडूला सगळं युरोप रेल्वेच्या टप्प्यात. चिली लहान असेल, पण त्याच्या आसपास खेळाची वस्ती होती. तुझ्याकडे कमी आहे ती हीच, आणि ती दुबईचा पत्ता टाकून मिळत नाही.

म्हणून माझा जोर गोव्यावर आहे. सात-आठ जण आहात ना? सोळा करा. हे ऐकायला फिकं वाटतं, पण सोळा झालात की अधिकृत स्पर्धा मागण्यात अर्थ येतो, आणि गुणांची शिडी थोडी खाली उतरते. फोंडा, म्हापसा, मडगाव अशी पाळी लावा, नाहीतर मडगावचा मुलगा म्हापशाला दोनदा येईल आणि तिसऱ्यांदा फोन उचलणार नाही. कदंबची शेवटची बस बघून वेळ ठरवा. एखादा कॅफे किंवा स्टेशनरीचं दुकान रविवारी दुपारी चार टेबलं देईल, चहा-भजी त्याच्याकडेच घेण्याच्या बोलीवर. तुमच्यातल्या एकाने जजचं, म्हणजे पंचाचं, काम शिकावं. पोकेमॉनमध्ये अठरा वर्षांवरच्यांना परीक्षा देऊन "प्रोफेसर" होता येतं. इतर खेळांतही अशी सोय असते. नियम जाणणारा आणि सही करायला तयार असलेला एक माणूस नाही, म्हणून स्पर्धा अडतात. तो माणूस तू झालास तर एखादा हंगाम खेळण्याऐवजी भरवण्यात जाईल. परवडेल का, तू ठरव. मी असते तर केलं असतं.

सरावासाठी पोकेमॉन टीसीजी लाइव्ह, मॅजिक अरीना यांसारखी ॲप फुकट आहेत. तिथे रात्री अकरालाही साओ पावलोचा मुलगा समोर बसतो. फक्त स्क्रीनवर शफल, मोजणी, वेळ सगळं यंत्र सांभाळतं. पन्नास मिनिटांत तीन डाव बसवायचे तर हात चालावे लागतात. स्लीव्हमधली (प्लास्टिकच्या पातळ वेष्टनातली) साठ कार्डं नीट पिसून समोरच्याला कापायला देणं, त्याने डाव लांबवला तर आवाज न चढवता जजला बोलावणं, सहाव्या फेरीत पोटात काही नसताना डोकं ठिकाणावर ठेवणं, हे टेबलावरच शिकावं लागतं. ते सात-आठ जण त्यासाठी हवेत. रविवारी घड्याळ लावून खेळा. गप्पा मारत खेळलेले वीस डाव मोजू नका.

पैशाचं बोलू, कारण आईची ठेव मध्ये आली आहे. ती मोडू नकोस. एका प्रवासात संपणारा पैसा म्हाताऱ्या माणसाच्या आधारातून काढायचा नसतो, मग तो प्रवास सचोटीचा का असेना. पगारातून वेगळं खातं काढ आणि त्यात जमेल तेवढंच खेळ. आणि इथे मी थोडीशी तुझ्या वडिलांकडे झुकते. खेळाला जुगार म्हणणं चूक आहे. डावावर कोणी पैसे लावत नाही. पण कार्डांचं बंद पाकीट फोडून आत भारी कार्ड निघेल म्हणून महिन्याला हजारो घालवत असशील, तर मांडवीतल्या बोटीपासून ते फार लांब नाही. पाकिटं बंद कर. हवं ते सुटं कार्ड घे, आठ जणांत मिळून घ्या, एकमेकांना द्या. पोकेमॉनचे जागतिक स्पर्धेत गाजलेले डेक नंतर तयार मिळतात. मागची बाजू वेगळी असल्यामुळे अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, पण सरावाला उत्तम, आणि स्वस्त. वर्षाचा हिशेब लिहून वडिलांसमोर ठेव. पटणार नाही कदाचित, पण बोटीचा टोमणा तरी थांबेल.

ज्यांची मुलं बारा-तेरा वर्षांची आहेत अशा पालकांनाही सांगते : लहानांचे गट वेगळे असतात आणि त्यात स्पर्धा तुलनेने कमी असते. मुलाला खेळायचंच असेल तर हीच वेळ बरी, नोकरी लागल्यावर नाही. आणि "तिकडच्या काकांचा पत्ता टाकूया" ही सूचना घरातल्या मोठ्यांकडूनच येते, असा माझा अनुभव आहे. मुलाच्या खात्यावर तुम्ही भरलेलं खोटं मुलाच्या नावावर राहतं.

खेळ सोडू का, असं विचारतोस. वर्ल्ड्स नाही तर काहीच नाही, असं असेल तर सोड. त्या अटीवर स्विंडनचा मित्रही फार काळ टिकणार नाही. पण पत्रात तू दीड पान एका डावाबद्दल लिहिलं आहेस. बेंगळुरूला पाचव्या फेरीत शेवटचं कार्ड हातात ठेवून तू दोन पाळ्या थांबलास आणि समोरच्याला कळलंच नाही. ते दीड पान वाचल्यावर हा प्रश्न मला फारसा खरा वाटला नाही. त्या मित्राला फोन कर. तो पात्र ठरला आहे, त्याला सरावाला तोडीचा माणूस लागणार, आणि तू त्याला दहातले सात डाव हरवायचास. तिकडे सध्या कोण कुठले डेक खेळतं हे तो सांगेल, तू त्याच्या चुका सांग. भारतात संध्याकाळ असते तेव्हा त्याची दुपार असते, वेळ जमेल.

या हंगामात एवढंच कर : नियमपुस्तिका, ईमेल, रविवारची पाळी. पासपोर्टची मुदत आजच बघ, प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने शिल्लक हवेत, नूतनीकरण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस. परदेशची खुली स्पर्धा निवडलीस तर रजेचा अर्ज लवकर टाक. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ असेल तर वेर्ण्यात कोणालाच रजा मिळत नाही, हे मी तुला काय सांगू.